एक घास काऊचा, बाकीचे फरशीचे

आपल्याकडे माणूस अठराव्या वर्षी मतदान करतो, मुलगा एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढू शकतो. स्वतःच्या हाताने जेवायचं वय मात्र कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. ते आजीच्या गुडघ्यांवर ठरतं. गुडघे चालतात तोवर नातू भरवून घेतो.

संध्याकाळी साडेसातला कुठल्याही सोसायटीत खाली उतरा. घसरगुंडीपाशी एक वाटी फिरत असते. वाटीमागे आजी, आजीपुढे दीड वर्षाचा ऐवज. ‘हा घास चिऊचा, हा काऊचा, हा नागपूरच्या आत्याचा.’ आत्या स्वतः वजन उतरवतेय, रात्रीचं जेवत नाही. तिच्या नावचा घास इथे भाच्याच्या पोटात जमा होतो. चिऊ संपली, काऊ संपला, दोन्हीकडचे नातेवाईक संपले की पाळी वॉचमनकाकांची. ‘नाही खाल्लंस तर काका पकडून नेतील हं!’ काका बिचारे कोपऱ्यात बसून स्वतःच्या हाताने भाकरी मोडत असतात. अख्ख्या आवारात नीट जेवणारा तो एकटाच माणूस, आणि बागुलबुवाही तोच.

आजी दमली की मोबाइल. गाणं लागलं की मूल पोस्टाच्या पेटीसारखं तोंड उघडतं. काय पडलं, किती पडलं, पेटीला पत्ता नसतो. वाटी रिकामी, घरात आनंदीआनंद. पोट भरल्याचा निरोप पोटाकडून निघालेला असतो, पण वर लाइन बिझी. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय, आपले बालरोगतज्ज्ञही सांगतायत, की दोन वर्षांखालच्या मुलांसमोर स्क्रीन नकोच. सांगणं सोपं असतं. त्यांना ती वाटी संपवून द्यायची नसते.

०००

या जुन्या फौजेविरुद्ध नवी फौज उभी राहिलीय, ती रील्सवर असते.

ब्रिटनमध्ये गिल रॅप्ली नावाच्या बाई बाळंतिणींच्या आणि बाळांच्या घरी जाऊन सल्ला देणाऱ्या आरोग्यसेविका होत्या. ट्रेसी मर्केट यांच्याबरोबर त्यांनी २००८ साली पुस्तक लिहिलं. म्हणणं साधं होतं. सहा महिन्यांचं बाळ बसायला लागलं की त्याला चमच्याने लापशी भरवत बसण्यापेक्षा मऊ तुकडे पुढे ठेवा, त्याचं त्याला उचलून खाऊ द्या. ‘बेबी-लेड वीनिंग’ हे त्याचं बारशाचं नाव. आपल्याकडे विमानातून उतरताना त्या कल्पनेने सामानही बरंच आणलं. गळ्यात पन्हाळ असलेलं रबरी लाळेरं. टप्पा एक, टप्पा दोन असे चमचे. टेबलाला घट्ट चिकटणारी सिलिकॉनची ताटली. ही ताटली कशी सोडवायची ते बाळाला दोन दिवसांत कळतं, आणि तिसऱ्या दिवशी थाळीफेक सुरू होते.

ताटलीत काय? ॲव्होकाडो. ब्लूबेरी. ज्या घरात पपई ‘उष्ण’ म्हणून आणि केळं ‘कफ होतो’ म्हणून बाद, त्या घरात ब्लूबेरीला थेट प्रवेश. तिला बाधायचं अजून कुणी शिकवलेलं नाही.

आणि आकार. चांदणीची पोळी, चंद्राची पोळी, काकडीचे डोळे लावलेली सशाची पोळी. सकाळी सहाला उठून पोळीचे ससे कापणारी आई मला माहीत आहे. बाळाने सशाचा कान तोडला आणि ससा तुटला म्हणून भोकाड पसरलं. मग नवा ससा करावा लागला, तोही त्याने खाल्ला नाही.

मुद्दा असा की चांदणी, चंद्र आणि ससा हे तिन्ही गहूच आहेत. वैविध्य मोजायची पद्धत वेगळी आहे. सहा महिने ते दोन वर्षं या वयासाठी पोषणवाले आठ गट धरतात: आईचं दूध, धान्य-कंद, डाळी-दाणे, दूध-दही, अंडी, मांस-मासे, पिवळ्या-केशरी आणि गडद हिरव्या भाज्या-फळं, आणि बाकीच्या भाज्या-फळं. दिवसभरात यातले निदान पाच पोटात जावेत. आता आपला हिशेब करू. सोमवारी वरणभात. मंगळवारी खिचडी. बुधवारी डाळ घालून भात. गुरुवारी भात, वर डाळ. शुक्रवारी ‘आज काहीतरी वेगळं’ म्हणून डाळ-तांदळाची इडली. गट दोन. आठवडाभर बाळ एकाच दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभं, फक्त पाटी रोज बदलते.

०००

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टर बाईंनी एक खटाटोप केला होता. नुकतीच दुधावरून अन्नावर येत असलेली १५ मुलं, आणि त्यांच्यासाठी ३४ पदार्थांची यादी. जेवणाच्या वेळी यादीतले बरेच पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत पुढे यायचे. नर्सना सक्त ताकीद होती: सुचवायचं नाही, आग्रह नाही, कौतुक नाही, नाराजीही नाही. मुलाने बोट दाखवलं तरच चमचा उचलायचा. एका मुलाने सकाळी भरपूर संत्र्याचा रस आणि त्याबरोबर कलेजी खाल्ली. एकाने रात्री अंडी, केळी आणि दूध. आपल्याकडे एवढ्यावर दोन आज्या आणि एक वैद्य आडवे झाले असते. मुडदूस झालेल्या एका मुलाने तर पुढे ठेवलेलं कॉडलिव्हर ऑइल बरं होईपर्यंत आपणहून घेतलं. मुलं धडधाकट वाढली. १९३९ साली बाईंनी सगळं मांडलं, आणि मेख कुठे आहे तेही सांगून टाकलं: मेख यादीत होती. त्या ३४ मध्ये साखर नव्हती, डब्यातलं काही नव्हतं. साधी धान्यं, भाज्या, फळं, अंडी, मांस, दूध. काहीही निवडलं तरी चुकायची सोयच नव्हती.

पुढे एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची सरळ वाटणीच केली. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपण ही वाटणी मनापासून पाळतो, फक्त उलटी. काय खायचं ते बाळ ठरवतं (नूडल्स, नूडल्स किंवा बिस्कीट) आणि किती खायचं ते आपण (सगळं).

‘अगं, उपाशी राहील तो.’

‘नाही राहणार आई. भूक लागली की खाईल.’

‘आमच्या वेळी असं नव्हतं बाई.’

आमच्या वेळी कसं होतं ते आमच्या वेळच्या फोटोंत दिसतं, पण तो विषय वेगळा. दुसऱ्या वर्षी मूल कमी खातं हे मात्र खरं आहे, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्यात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढीचा वेग उतरतो, भूकही उतरते. आजीला ते मंजूर नाही. तिला पहिल्या वर्षाचाच वेग पुढे हवा. मग हिशेबही होऊन जाऊ दे: तीन किलोंचं बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊ, दुसऱ्याला सत्तावीस, तिसऱ्याला एक्क्याऐंशी. केक कापायला त्याला उचलून आणायची जबाबदारी ‘वाळलाय गं’ म्हणणाऱ्यांनी घ्यावी.

०००

आता स्वयंपाकघरात चला. इथे बाळासाठी वेगळं काही रांधायचं नाही, हे पहिलं. मराठी घरात हाताने उचलून खायच्या पदार्थांची कमी कधीच नव्हती. कमी आहे ती मिरची घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढण्याच्या आठवणीची. वर्षाच्या आत मीठ-साखरही नको, मध तर मुळीच नको. उष्टावणाच्या दिवशी हौशी मामा मधाचं बोट घेऊन पुढे आला तर त्याला अंगठी दाखवायला सांगा.

सगळा खेळ बोटांचा आहे. सहा-सात महिन्यांचं बाळ अख्ख्या मुठीने धरतं, आणि मुठीतलं त्याला सोडता येत नाही. म्हणून तुकडा आपल्या बोटाएवढा लांब हवा, मुठीबाहेर डोकावेल असा. उकडलेल्या रताळ्याची लांब फोड. लाल भोपळ्याची फोड तुपावर वाफवून, साल ठेवून. साल म्हणजे मूठ, गर म्हणजे जेवण. दुधीही असाच. तुकडा दोन बोटांत दाबून बघायचा. चेपला तर ठीक, नाही चेपला तर परत कुकरमध्ये.

नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटतात, मग जगात त्याहून मोठी बातमी नसते. त्या दिवसांत ताटलीत मऊ शिजलेली मटकी टाकून नुसतं बघत बसावं. एक दाणा निवडला जातो. बाकीचे वीस का नाही, हे विचारायचं नाही. बोटं येतात, दाणा सरकतो, बोटं मागे लागतात, दाणा काठाशी अडकतो. उचलला. डोळ्यांसमोर धरून तपासणी. मोड दिसला तर तो दुसऱ्या हाताने उपटायचा प्रयत्न. मग तोंडात, नाहीतर कानात. चार मिनिटांत एक दाणा. भरवणाऱ्याने तेवढ्या वेळात अर्धी वाटी संपवली असती, हे मान्य. (कडधान्य अगदी लोण्यासारखं शिजलेलं हवं, आणि चवळी-राजमा बोटाने चपटा करून.)

चमचा येतो तो आणखी उशिरा, आणि आल्यावरही तोंडापाशी पोहोचेपर्यंत उलटा होतो. मनगट अजून तयार नसतं. म्हणून चमच्याला चिकटेल असंच द्यायचं: घट्ट दहीभात, गुरगुट्या भात तूप-मेतकूट घालून, नाचणीची जाडसर खीर. पातळ वरण चमच्याने खायला देणं म्हणजे फरशीला वरण वाढणं. नाचणी काही गरिबाची कांजी नव्हे, बरं का. शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि हे तिने कुठल्याही डब्यावर छापून घेतलेलं नाही.

मग मैदान मोकळं. थालीपीठ घ्या. भाजणीत धान्यंही आली, डाळीही आल्या. त्यात किसलेला दुधी किंवा चिरलेली मेथी ढकला, जरा जाड आणि मऊ थापा, पट्ट्या कापा, वर लोण्याचा गोळा. एका पट्टीत तीन गट, आणि ससा एकही नाही. कोकणात घावन, विदर्भात आयते, देशावर मुगाचं धिरडं. नावं तीन, गुंडाळी करून मुठीत द्यायचं काम एकच. कोथिंबिरीची वडी वाफवून झाली की तळायच्या आधीच दोन बाळाच्या. मुटक्यांचंही तेच. अंड्याची पोळी पट्ट्या कापून. मासे खाणाऱ्या घरात हलव्याची वा रावसाची तुकडी, काटे बोटांनी चाचपून काढलेली. इथे आजीची बोटं लागतात, आणि त्या कामात तिला तोड नाही.

माझं मत विचाराल तर या सगळ्यात पहिला नंबर वरणफळांचा. मऊ, गुळगुळीत, शंकरपाळ्याच्या आकाराची, वरणात बुडालेली. पोळीही त्यातच, डाळही त्यातच, पालक चिरून टाकला तर तोही. बाळासाठी पाणी आटवून घ्यायचं, वरून लिंबू पिळायचं. डाळ-पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबाचा उपयोग होतो. उलट काम चहा करतो. चहात बुडवलेलं बिस्कीट हे महाराष्ट्राचं अघोषित शिशुअन्न आहे. ‘एवढंसं तर दिलं’ म्हणत ते सकाळ-संध्याकाळ दिलं जातं आणि लोहाला दारातच अडवतं. ‘जेवत नाही ना, मग दूध तरी’ ही दुसरी पळवाट. वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ झालं. लिटरभर दूध पोटात असताना बाळाने तुमच्या वरणफळांना भाव द्यावा तो कशासाठी?

०००

दोडका. पहिल्यांदा दिला, बाळाने थुंकला. निकाल जागच्या जागी: ‘याला दोडका आवडत नाही.’ अपील नाही. तेराव्या महिन्यात लागलेला हा शिक्का लग्नात सासूबाईंपर्यंत पोचवला जातो. वास्तविक नवी चव मुलाने स्वीकारायला ती दहा-पंधरा वेळाही पुढे यावी लागते. थुंकणं हा त्यातला पहिला अभिप्राय. दीड-दोन वर्षांच्या सुमाराला तर नव्या पदार्थाचा संशय येणं हा वयाचाच भाग असतो. थोडासा कोपऱ्यात ठेवावा, काही बोलू नये, पुन्हा दोन दिवसांनी ठेवावा. ‘खाऊन तर बघ, मम्माला बरं वाटेल’ हे वाक्य गिळून टाकावं, तेही पौष्टिक असतं.

आणि बाळ ताटाकडे बघत नसतं, बाबांकडे बघत असतं. बाबांनी दोडका ताटाच्या कडेला सरकवून लोणच्याची बरणी ओढली. धडा पूर्ण.

०००

एका बाबतीत या सदराने थट्टा करायची नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारा, लहान मुलांच्या श्वासनलिकेतून काय काढावं लागतं. शेंगदाण्याचं नाव पहिल्या फटक्यात येईल. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा, फुटाणा, चिक्की, पॉपकॉर्न, गोळी, कच्च्या गाजराचा तुकडा नाही म्हणजे नाही. कूट चालतं, आणि ते आपण घालतोच. द्राक्ष नाशिकचं असो की सांगलीचं, उभ्या चार फोडी. बोर आणि सीताफळ बिया काढूनच. मूल ताठ बसलेलं हवं आणि समोर मोठं माणूस हवं. पळत्या, हसत्या, रडत्या तोंडात घास कोंबणं हीच खरी जोखीम, आणि घसरगुंडीपाशी रोज संध्याकाळी तीच चालते. खाताना खोकला, उबळ, ओकारीचा आवाज आला तर थोडं थांबा; आवाज आहे म्हणजे हवा आत-बाहेर करतेय. आवाजच बंद झाला तर थांबू नका. वर्षाच्या आतलं बाळ डोकं खाली ठेवून पालथं धरायचं, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापट्या, मग उताणं करून छातीवर पाच दाब. मोठ्या मुलाला पाठीवर थापट्या आणि पोटावर दाब. दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. हे वाचून येत नाही, डॉक्टरांकडून एकदा करून शिकून घ्यावं.

०००

आता एक गंमत. घरी ज्याला भरवायला तीन माणसं आणि एक फोन लागतो, तेच मूल पाळणाघरात सतरंजीवर सहा जणांत बसून आपला डबा आपण संपवतं. मावशी काय जादू करतात? काही नाही. त्यांना हात दोन आणि मुलं सहा. एक मूल शेजारच्याच्या डब्यात हात घालतं, मग शेजाऱ्याला स्वतःचा डबा अचानक प्रिय होतो. मावशींचा नियम एवढाच, की डबा कोरडा हवा, झाकण पोराला उघडता यावं, आणि पोळी तव्यावरची मऊ, तूप लावून गुंडाळलेली. आत भाजी कसली ते तुम्ही बघा. शेजारच्या प्ले-ग्रुपमध्ये मात्र दर सोमवारी पौष्टिक डब्याचं परिपत्रक येतं आणि दर वाढदिवसाला चिप्सचं पाकीट. शाळेचं नाव राहू दे. तुमच्या पोराच्या शाळेचंही तेच असेल.

मुलाने आपल्या हाताने खावं की नको, हा प्रश्न ज्या घरांत मागे धावायला कुणीच मोकळं नसतं तिथे पडत नाही. उसाच्या फडाच्या कडेला पाचटावर बसलेलं पोर भाकरीचा तुकडा आपला आपण चघळत असतं. त्याच्या स्वावलंबनाची रील निघत नाही. त्याची अडचण घास कोण उचलतं ही नाही. घासात भाकरीशिवाय काही नाही, ही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेशा प्रकारचं आणि पुरेशा वेळा अन्न मिळणारी मुलं ११.३ टक्के निघाली. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय. दहांत जवळजवळ सात. ती सगळी काही फडाच्या कडेची नाहीत, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. त्यातली बरीचशी घसरगुंडीपाशी आहेत, चांदणीची पोळी आणि चहा-बिस्किटावर, आणि त्यांची वाटी रोज रिकामी होते.

राहता राहिला पसारा. बाळाने आपल्या हाताने जेवायचं ठरवलं की भिंतीवर नाचणी, केसांत दहीभात आणि खुर्चीच्या फटीत मटकी निघणार. मुलाच्या स्वावलंबनाचे कट्टर समर्थक घरोघरी सोफ्यावर बसलेले आढळतात. ‘खाऊ दे गं त्याला त्याचं त्याचं, शिकेल.’ शिकेल की. तोवर फरशी पुसणारी ठरलेली असते. एक तर त्याची आई, नाहीतर अकराला येणाऱ्या ताई.

तर बाबा, उठा. फडकं मोरीतल्या दोरीवर आहे. ओलं करून, पिळून आणा. कोरड्याने दही नुसतं पसरतं.